रेषेच्या आधी शेतकरी

प्रकाशा इथं सातपुड्यातून आलेली गोमाई तापीला मिळते. संगमावर केदारेश्वर, संगमेश्वर अशी जुनी देवळं आहेत आणि खानदेश या गावाला दक्षिण काशी म्हणतो. देवळांहूनही जुनी गोष्ट गावाजवळच्या पांढरीत सापडली. 1955 साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे थर हाती लागले. म्हणजे लोखंड माहीत होण्याआधीपासून माणसं या संगमाला धरून राहिली. खोल काळी जमीन आणि बारमाही नदी ही दोन कारणं पुरेशी होती. पण या जागेत पहिल्यापासून एक अडचण आहे. तापी इथं स्वतःच्याच गाळाच्या थरात खोल उतरून वाहते. दोन्ही काठांना उंच दरडी, दरडींना पावसानं पाडलेल्या घळी, आणि घळींच्या वरच्या अंगाला शेत. नदी डोळ्यांसमोर असे, पण तिचं पाणी पाटानं शेतात येत नसे. उलट शेतातलं पाणी मात्र घळींतून सहज नदीत जाई आणि जाताना माती घेऊन जाई. माती आणि पाणी यांचा हा उलटा व्यवहार कसा थांबवायचा, आणि त्याचा विचार कोणी करायचा, या प्रश्नाभोवती इथल्या शेतीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास फिरतो.

आज प्रकाशाला तापीवर बॅरेज आहे. वरच्या अंगाला सारंगखेडा, त्याच्याही वर धुळे जिल्ह्यात सुलवाडे. 1997 साली तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्यानंतर ही कामं आकाराला आली. पावसाळ्यात दरवाजे उघडे असतात. पावसाळा संपत आला की ते खाली उतरतात आणि दरडींमधलं पात्र भरून उभं राहतं. तरीही वर्षानुवर्षं या पाण्याकडे काठावरचा शेतकरी नुसता पाहत राहिला, कारण ते उचलून शेतात नेणाऱ्या सहकारी उपसा योजना तोवर बंद पडल्या होत्या. काँक्रीट कमी पडलं नाही, पैसाही बऱ्यापैकी लागला. कमी पडलं ते नियोजन, आणि त्यातही एक ठरावीक गोष्ट: रेषा आखण्याच्या वेळी शेतकरी तिथं नव्हता. लोकसहभाग म्हणजे श्रमदान, सभा, अंगठे आणि सह्या असं आपण धरून चालतो. इतिहास पाहिला तर खरा फरक पडतो तो शेतकऱ्याला कोणत्या टप्प्यावर विचारलं यानं. बांधाची किंवा पाटाची रेषा कागदावर येण्याआधी ज्याला विचारलं जातं, तो दुसऱ्या पावसाळ्यात त्या बांधाची डागडुजी करायला स्वतःहून जातो. नंतर विचारलं, तर तो सरकारी माणसाची वाट पाहतो.

याचा सगळ्यात जुना पुरावा प्रकाशापासून फार लांब नाही. तापीचं पात्र खोल, म्हणून खानदेशातल्या माणसांनी तिच्या उपनद्या धरल्या. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर त्यांनी ठिकठिकाणी दगड-चुन्याचे बंधारे बांधले आणि त्यावर फड पद्धत उभी केली. ही पद्धत किमान तीनशे वर्षं जुनी. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या जुन्या बंधाऱ्यांची दखल आहे, आणि त्यावरून दिसतं की पश्चिम खानदेशात बंधारा नसलेला मोठा ओहोळ एके काळी क्वचितच असेल. पण फडाचं खरं बळ दगडात नव्हतं. बंधाऱ्याखाली भिजणारं सगळं शिवार ते थळ. थळाचे सहसा तीन-चार भाग पाडायचे, ते फड. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, आणि दर वर्षी फेरपालट. प्रत्येक बागायतदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. नदीला पाणी कमी असलं की पंच ठरवत, यंदा दोनच फड भिजवायचे. ज्याची जमीन चारही फडांत आहे त्याचं नुकसान शेजाऱ्याइतकंच होई, कमी नाही आणि जास्तही नाही. टंचाई वाटून घ्यायची सोय अशी जमिनीच्या मांडणीतच करून ठेवली होती. ती सोय एखाद्या मोठ्या मनाच्या माणसावर अवलंबून नव्हती, म्हणून टिकली.

रोजचं काम पाटकऱ्याच्या हाती. कोणत्या चारीला कधी पाणी सोडायचं हे तो ठरवी आणि शेतात बारे देण्याचं कामही तोच करी. शेतमालकानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, हा दंडक. उभ्या पिकाची राखण जागल्याकडे. दोघांवर देखरेख करायला हवालदार, आणि सगळ्यांचा मेहनताना धान्याच्या रूपात, भिजलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात. पाणी आणि मालक यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा करण्यात मोठं शहाणपण होतं, कारण रात्री शेजाऱ्याची चारी फोडण्याचा मोह मालकाला होतो, पाटकऱ्याला होण्याचं कारण नाही. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा. न येणाऱ्याला दंड. हे सगळं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो खरा आहे. फड ही गावातल्या जमीनवाल्यांची व्यवस्था होती. ज्याच्या नावावर थळात जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा नाही. पाटकरी, जागल्या, गाळ काढणारा मजूर यांना मोबदला होता, पण पंचांत जागा नव्हती. गावानं एकमतानं ठरवलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्या गावात कोण मोजलं गेलं हे विचारावंच लागतं. फडाचा गौरव करणाऱ्या बहुतेक लेखनात हा प्रश्न राहून जातो. पण या आक्षेपावरून फडाचा धडा खोटा ठरत नाही. आखणीत ज्यांचा हात होता त्यांनी ती व्यवस्था शतकानुशतकं सांभाळली, एवढं त्यातून सिद्ध होतं. ज्यांचा हात नव्हता त्यांना काय मिळालं, हा तितकाच महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो एकाच दिशेला बोट दाखवतो.

इंग्रजी अमलात दोन गोष्टी बदलल्या. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानं नद्यांच्या पाण्यावर सरकारचं नियंत्रण कायद्याच्या भाषेत आलं. सरकारनं गिरणेवरच्या जामदा कालव्यांसारखी कामं केली, काही जुने बंधारे दुरुस्तही केले. अनेक फड तसेच चालू राहिले, कारण त्यांत हात घालण्यात सरकारचा फायदा नव्हता. पण पाण्याचं नियोजन हा आता खात्याचा विषय झाला. मातीच्या बाबतीत हेच थोडं उशिरा घडलं. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या दुष्काळांनी सरकारला जागं केलं, सोलापूरला 1930 च्या दशकात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, आणि ना. वि. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी पावसाबरोबर किती माती वाहून जाते हे मोजून दाखवलं. हे काम मोलाचं होतं. त्याच्या पाठीवर 1942 चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला आणि समतल बांधबंदिस्तीची मोहीम सुरू झाली. कायद्यात शेतकऱ्याला जागा होती, पण ती कशी, ते पाहायला हवं. योजनेचा मसुदा अधिकारी करणार, तो गावात जाहीर होणार, ज्याला हरकत असेल त्यानं ती नोंदवायची. काम झालं की खर्चाचा हिस्सा शेतकऱ्याकडून वसूल. शेतकऱ्याला फक्त हरकत घेता येत होती. रेषा तोवर आखून झालेली असे.

या रेषेचं काय होई, हे एका शेतात उभं राहिलं की कळतं. चार एकरांची लांबट पट्टी, एका बाजूला नाल्याकडे उतार, चारही बाजूंना वडिलोपार्जित बांध. समतल रेषा समान उंचीचे बिंदू जोडत जाते. तिला गट नंबर किंवा भाऊबंदकी माहीत नसते. ती या पट्टीतून तिरकी शिरते, शेजाऱ्याच्या शेतात जाते आणि मागे दोन त्रिकोणी तुकडे ठेवते. त्या तुकड्यांत औत वळत नाही. पट्टी आधीच अरुंद, त्यात बांधाखाली जमीन गेली. शिवाय भारी काळ्या जमिनीत पाणी झटकन मुरत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला ते आठ-आठ दिवस साचतं, ज्वारी-कपाशी पिवळी पडते. मग एका रात्री कुदळीचे चार घाव, बांध फुटतो, साठलेलं पाणी एका जागेतून सुटतं आणि खालच्या शेतात नवी घळ पडते. ज्या घळीपासून वाचायचं होतं तीच बांधानं आणून दिली. अधिकारी म्हणत, शेतकरी अडाणी. प्रत्यक्षात शेतकरी स्वतःच्या हद्दीवर ताल घालत होताच. खालच्या कोपऱ्यात दगडाची सांड ठेवून पाणी सोडत होता आणि वाहून आलेला गाळ तिथं धरून त्या कोपऱ्यात चांगलं पीक काढत होता. खोल काळ्या जमिनीत समतल बांध नीट काम देत नाहीत, हे पुढे शास्त्रज्ञांनीही मान्य केलं आणि तिथं पाण्याला हलका उतार देणारे बांध सुचवले. आखणीच्या दिवशी शेतकऱ्याला एकदा विचारलं असतं, तर हे कितीतरी आधी कळलं असतं. पुण्याजवळच्या एका गावाचा अभ्यास करून हॅरॉल्ड मान यांनी 1917 साली दाखवलं होतं की दख्खनमधली जमीन किती बारीक तुकड्यांत वाटली गेली आहे. तरी पुढली कित्येक वर्षं बांध आखताना त्या तुकड्यांकडे कोणी पाहिलं नाही.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा विचारत बसायला वेळच नव्हता, असं म्हणता येईल. खरंच नव्हता. लाखो माणसांना खडी फोडून, माती उपसून दोन घास मिळाले आणि त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. जीव वाचवण्याच्या कामावर नियोजनाची कसोटी लावणं अन्याय होईल. पण दुष्काळ सरल्यानंतरही पाझर तलाव, नालाबांध आणि बंडिंग यांची जागा बऱ्याचदा किती मजूर लागतील या हिशेबानं ठरत गेली. त्या शिवाराला काय हवं हा हिशेब मागे पडला. निकडीच्या काळातली सवय नंतरच्या काळाची पद्धत झाली. 1983 साली सरकारनं एकात्मिक पाणलोट विकासाचा कार्यक्रम आणला तेव्हा माथा ते पायथा हे तत्त्व रूढ झालं. तांत्रिक दृष्ट्या ते पुढचं पाऊल होतं. माथ्यावर कोण राहतं आणि पायथ्याशी कोण, हा प्रश्न मात्र तिथंही उघडपणे आला नाही.

प्रकाशाच्या परिसरात तो प्रश्न रस्त्यावर आला होता. शहादा तालुक्याच्या बागायती पट्ट्यात जमीन प्रामुख्यानं मोठ्या शेतकऱ्यांकडे गेली होती, आणि भिल्ल-पावरा कुटुंबं सालदार आणि रोजंदार म्हणून त्याच जमिनीवर राबत होती. त्यांतल्या अनेकांच्या वाडवडिलांची ती जमीन होती. अंबरसिंग सुरतवंती यांनी त्यांना संघटित केलं. 1972 च्या जानेवारीत शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या होत्या गमावलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदाराला माणसासारखी मजुरी मिळावी. 1974 साली आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी राज्यानं कायदे केले, त्यामागे अशा चळवळींचा दाब होता. मृद्संधारणाच्या इतिहासात या आंदोलनाचं नाव सहसा येत नाही. माझ्या मते यायला हवं. ज्याची जमीन हिरावली गेली आहे त्यानं कोणासाठी बांध घालायचा? ज्याला सातपुड्याच्या उतारावर ढकललं गेलं आणि तिथंही अतिक्रमणदार ठरवलं गेलं, त्यानं उद्या सोडावी लागणाऱ्या उतारावर ताली का रचाव्यात? उतारावरची माती गोमाईतून तापीत येते. ती माथ्यावर थांबवायची असेल तर माथ्यावरच्या माणसाला त्या जमिनीचा भरवसा हवा. नकाशावरचा माथा आणि पायथा एका रेषेनं जोडता येतात, पण त्या दोन टोकांच्या माणसांमध्ये हक्काचं अंतर राहिलं तर ती रेषा कागदावरच राहते.

याच काळात पुरंदर तालुक्यात एका माणसानं फडाच्या उणिवेला उत्तर शोधलं. विलासराव साळुंखे पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. 1972 च्या दुष्काळातली माणसं पाहून ते नायगावला गेले, आणि 1974 च्या सुमारास ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या कामातून पाणी पंचायत आकाराला आली. तिचे नियम साधे आणि धाडसी होते. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी उभा करायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. गाव म्हणजे कोण, या प्रश्नाला इतकं थेट उत्तर त्याआधी महाराष्ट्रात कोणी दिलं नव्हतं. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, काही बंद पडल्या, आणि तिचे नियम राज्यानं धोरण म्हणून उचललेही नाहीत. पण भूमिहीनाला आखणीत घेतलं तर गावाचा हिशेब बिघडतो, ही भीती नायगावनं खोटी ठरवली.

आता प्रकाशाच्या उपसा योजनांकडे यायला हवं, कारण माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप तिथं आहे. शहादा, नंदुरबार आणि शिंदखेडा तालुक्यांत तापीच्या काठावर एकूण 22 सहकारी उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या. त्या सरकारनं लादल्या नव्हत्या. शेतकऱ्यांनी सोसायट्या काढल्या, जमिनी तारण ठेवून कर्ज काढलं, नदीत जॅकवेल बांधल्या, मैलोगणती पाइप टाकले. पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सातपुडा साखर कारखान्यानं या भागात सहकाराची हवा तयार केली होती. पुढे योजना बंद पडल्या आणि सातबाऱ्यावर बोजा राहिला. सहभाग पूर्ण होता आणि तरी काम बुडालं, मग सहभागाचा एवढा गजर कशाला, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न वाजवीच आहे.

त्याचं उत्तर नदीत आहे. शेतकऱ्यांचा सहभाग दरडीपर्यंत होता, पात्रात नव्हता. पंप केवढा, पाइप कुठून, कोणाला किती पाणी, हे त्यांनी ठरवलं. नदीला उन्हाळ्यात किती पाणी राहील, हे ठरवणारी सत्ता वेगळीच होती. वरच्या अंगाला भुसावळजवळ हतनूर झालं, उपनद्यांवर धरणं झाली, काठाकाठानं विजेचे पंप बसले, आणि प्रकाशाला उन्हाळी पात्रात वाळू दिसू लागली. खाली गुजरातेत उकाईचा जलाशय 1972 पासून उभा आहे, त्याच्या गरजाही याच नदीवर. या कोणत्याही निर्णयात सोसायटीचा सभासद कुठंही बसलेला नव्हता. मग त्यावर उपाय म्हणून बॅरेज आले आणि त्या आखणीतही तीच चूक फिरून झाली. पाणी अडवण्याची योजना एका खात्याच्या टेबलावर, पाणी उचलण्याची योजना दिवाळखोर सोसायट्यांच्या कपाटात. दोन्हींची तारीख कोणी जुळवली नाही. पाणी आलं तेव्हा मोटारी गंजल्या होत्या आणि पाइप ठिकठिकाणी फुटले होते. नंतर दुरुस्तीला निधी मंजूर झाला, पण तोवर शेतकऱ्यानं स्वतःची वाट शोधली होती: खोल कूपनलिका, आणि त्यावर केळी, पपई, ऊस. म्हणून उपसा योजनांची कथा मला सहभागाच्या विरुद्धचा पुरावा वाटत नाही. सहभाग अर्ध्या वाटेवर तोडला तर किती महागात पडतो, याचा तो पुरावा आहे.

नदी एवढी मोठी, राज्यं तीन, तिथं शेतकरी काय ठरवणार, असंही म्हणतील. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पानं याला काही अंशी उत्तर दिलं आहे. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नव्हतं, म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं, बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शेपटाच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायचं आणि मोजून वाटायचं. पुढे सगळ्या प्रकल्पाचा कारभार अशा संस्थांकडे आला. धरण सरकारनंच बांधलं होतं आणि अभियंत्याची गरज संपली नव्हती. बदललं ते इतकंच की आवर्तन कधी सोडायचं आणि किती, या बैठकीत शेतकरी बसू लागला. अभियंता की शेतकरी अशी निवड कोणी मागत नाही. टेबलाभोवती किती खुर्च्या आहेत, एवढाच वाद आहे.

मातीच्या कामातला असाच पालट इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमानं घडवला. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकारानं तो 1989 नंतर आकाराला आला आणि 1993 साली वॉटर ही संस्था त्याच्या पाठीशी उभी राहिली. निवड होण्याआधी गावानं श्रमदान करून, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून आपली तयारी दाखवायची. ही अट बरीच गाजली. मला त्याहून मोलाची वाटते ती गटवार नियोजनाची पद्धत. तंत्रज्ञ प्रत्येक गट नंबरात जातो, नवरा-बायको दोघं तिथं हजर असतात. जमिनीची खोली, उतार, सध्याचा वापर पाहायचा. इथं काय लावायचं आहे, बांध कुठं हवा, चर चालेल का, झाड कुठं, हे त्याच शेतात उभं राहून ठरवायचं आणि मग त्या गटाच्या कागदावर त्यांची सही. 1942 च्या कायद्यात सही हरकतीच्या अर्जावर होती, इथं ती आराखड्यावर आली. मधे पन्नास वर्षं गेली. चराईबंदीचा भार मात्र शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन घरांवर आधी पडतो. जिथं त्यांच्याशी आधी बोलणं झालं नाही, तिथं हा कार्यक्रमही गरिबाच्या पोटावर पाय देऊ शकतो, हे विसरता कामा नये.

खानदेशातच शेजारी दोन वाटा दिसतात. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्यानं चैत्राम पवार यांच्यासोबत 1990 च्या दशकात स्वतःचे नियम करून जंगल राखलं, जंगलानं माती धरली, विहिरींना पाणी आलं. 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळानं नाले रुंद आणि खोल करून, त्यात सलग बंधारे घालून पाणी मुरवलं. तापीच्या गाळाच्या थरात पाणी का मुरत नाही याचं त्यांचं निदान अभ्यासातून आलेलं होतं आणि शेकडो विहिरींना त्याचा उपयोग झाला. शिरपूरची नक्कल राज्यभर झाली ती यंत्राची, निदानाची झाली नाही. बारीपाड्याची नक्कल करणं तर अवघडच, कारण तिथं पोकलेन नाही, फक्त पाळलेले नियम आहेत. 2014 च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आलं. त्याच्या आदेशात शिवारफेरी होती, ग्रामसभेची मान्यता होती, गावाचा पाण्याचा ताळेबंदही होता. कागदावर सगळं जागेवर होतं. अनेक गावांत मात्र शिवारफेरी एका दुपारी उरकली आणि नाला खोलीकरणाचा ठेका आधीच ठरलेला असे. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. 2020 साली महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्चूनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यात फारसं यश आलं नाही, असा त्याचा सूर होता.

शेतकरी एकत्र बसले तरी शेवटी जो तो आपली कूपनलिका खोल नेतो, मग गावाच्या नियोजनाला अर्थ काय, हा शेवटचा आक्षेप. तो मनुष्यस्वभावाबद्दल आहे, पण त्याचं उत्तर फडाच्या मांडणीतच मिळतं. पांझरेकाठचा शेतकरी काही आजच्यापेक्षा साधुवृत्तीचा नव्हता. त्याची जमीन चारही फडांत होती, म्हणून फड बुडवून त्याला स्वतःला वाचवता येत नव्हतं. कूपनलिकेनं प्रत्येकाला स्वतःपुरता वेगळा फड दिला. गावाचं भूजल एकच असताना ते एक आहे हे कोणालाच दिसत नाही. म्हणून विहिरींची पातळी गावानं स्वतः मोजणं, पावसाचं पाणी किती आलं आणि पिकांना किती लागेल याचा हिशेब पेरणीआधी ग्रामसभेत मांडणं, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींना एवढी किंमत आहे. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन मोजपट्ट्या घेतल्या तर शाळेतली मुलंही शेतात समतल रेषा आखू शकतात. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या अनेक गावांनी ती आखली आहे. जी रेषा एके काळी फक्त खात्याच्या दुर्बिणीतून दिसे, ती आता गावाच्या हातात आली आहे.

कायदा मात्र अजून थळाच्या हद्दीवरच उभा आहे. 2005 साली महाराष्ट्रानं सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. सभासद कोण? लाभक्षेत्रातल्या जमिनीचा धारक किंवा कब्जेदार. प्रकाशाच्या बॅरेजवर उद्या अशी संस्था चांगली चालली, 22 योजनांच्या मोटारी पुन्हा फिरल्या, आवर्तनाच्या बैठकीत शेतकरी बसला, तरी दरडीवरच्या केळीच्या बागेत रात्री बॅटरी घेऊन कॉक फिरवणारा, कुठल्या ओळीला पाणी पोचलं नाही हे मालकाआधी ओळखणारा सालदार त्या सभेत मतदार नसेल. फडात त्याला पाटकरी म्हणत.